पेशंटची खुर्ची

आरोग्य आणि समाजसेवेच्या पदवीच्या वर्गात ती वयानं सगळ्यात मोठी विद्यार्थिनी, म्हणून सगळे तिला मावशी म्हणत. प्रात्यक्षिकाला पेशंट व्हायचं म्हटलं की पोरी नाकं मुरडायच्या. मावशी मात्र आधीच खुर्चीत बसलेली. नवरा गेल्यापासून तिच्या डोक्यावरून कुणाचा हात फिरला नव्हता. इथे निदान कुणीतरी केस विंचरायचं, "दुखत नाही ना?" विचारायचं. परीक्षेलाही ती सवयीनं खुर्चीकडे वळली, तशी मॅडमनी तिच्या हातात फणी कोंबली. "वर्षभर नुसती सेवा करून घेतलीत. आज पेशंट मी. करा सुरुवात, नाहीतर नापास!" वर्गात शिकवल्याप्रमाणे मावशीनं आधी "केस विंचरते हं" असं सांगितलं, मगच हात लावला. गुंता सोडवताना विचारलं, "दुखत नाही ना?" एरवी फाडफाड बोलणाऱ्या मॅडमनी डोळे मिटून घेतले. केस विंचरून झाले. मावशीनं फणी खाली ठेवली. "झालं, मॅडम." मॅडमचे डोळे मिटलेलेच होते. "पास झालात," त्या पुटपुटल्या, "पण थांबू नका."