सातला आउट

"पुन्हा सात! आउट!" पोरी ओरडल्या.

बाकावर दोन फासे पडले होते. एकावर चार, दुसऱ्यावर तीन. सायलीचा दुसरा आउट.

कैलास सरांनी फळ्यावर खडूने तक्ता काढला होता. सात पडले की आउट, नऊ पडले की पहिला बेस, बारा पडले की होमरन, दुसरं काही पडलं तर पुन्हा टाका. ग्राउंडवर चिखल झाला की सर मुलींना असा फाशांवर बेसबॉल शिकवायचे. आज मात्र शिकवणं नव्हतं. तालुक्याच्या संघात एकच जागा उरली होती. तिसरा आउट होईपर्यंत जिच्या रन जास्त, तिला ती जागा. जीपवाल्या प्रदीपची नम्रता एक होमरन मारून, म्हणजे एक रन काढून मोकळी झाली होती. सायलीचं अजून खातंच उघडलं नव्हतं.

"थांब सायली, फासे खाली ठेव." सायलीची आई रजनी बाकांमधून वाट काढत पुढे आली. ती सकाळपासून मागे उभी राहून एकेक फासा डोळ्यांत तेल घालून पाहत होती. "सर, याला निवड म्हणायची?"

"ताई, ग्राउंडवर दोघी सारख्याच निघाल्या. मी एकीचं नाव घेतलं की दुसरीच्या घरचे म्हणणार, सरांनी डाव साधला. गेल्या वर्षी पोटभर ऐकलंय मी."

"म्हणून ठोकळ्यांवर सोडायचं? दोन फासे छत्तीस वेळा टाकले तर सहा वेळा सात येतात आणि बारा जेमतेम एकदा. बीएस्सीला शिकलेय मी हे. आणि तुम्ही नेमका सातलाच आउट ठेवलाय!"

"तक्ता दोघींना तोच आहे."

"तक्ता तोच, मेहनत तीच नाही ना! जूनपासून ही रोज पहाटे दारातल्या जांभळाला टांगलेला बॉल ठोकतेय. घट्टे पडलेत हाताला. दाखव गं, सरांना हात दाखव."

सायलीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नम्रता पंधरा दिवसांपूर्वी आली," रजनीचा आवाज चढला, "आणि एक बारा पडले की ती संघात? मग बॅट कशाला देता पोरींच्या हातात? सापशिडीच खेळवा वर्षभर!"

दोन-तीन पोरी फिसकन हसल्या. खिडकीशी उभा असलेला प्रदीप हसला नाही. कोळवणची फेरी बुडवून तो आला होता.

"ताई, फाशाला काय कळतंय कुणाची पोर हाय ते?"

"तेच म्हणतेय मी, भाऊ. फाशाला काहीच कळत नाही!"

"पुरं हाय की मग. मानसाला कळतं, तितंच तर घोळ व्हतो."

रजनी आणखीच तापली. "ही निवड मला मान्य नाही. जिला कुणाला निवडायचंय तिला ग्राउंडवर निवडा."

"आई, टाकू का गं?" सायलीने हळूच विचारलं आणि आईचं उत्तर यायच्या आत फासे टाकूनही दिले.

नऊ. पहिला बेस.

मग पाच. मग दहा. मग एक फासा सहावर थांबला आणि दुसरा बाकाच्या कडेपर्यंत गरगरत जाऊन तोही सहावरच बसला.

बारा. बेसवरची एक आणि होमरनची एक, दोन रन. पोरींनी बाक बडवले.

नम्रताने फ्रॉकच्या बाहीने नाक पुसलं. प्रदीप खिडकीपासून पुढे आला. रजनीला वाटलं, आता हा भांडणार. पण तो सरांना म्हणाला, "सर, ताईंचं खरं हाय. मला मघाशी कळलं न्हाई. उद्या उघडीप दिसतीया. घ्या की ग्राउंडवर. पाच-पाच बॉल टाका दोघींना. जी मारंल ती जाईल."

सरांचा चेहरा एकदम सैल झाला. "यादी सोमवारी द्यायचीय. दोघींच्या घरचं एकमत असेल तर माझी ना नाही. काय ताई?"

सगळे रजनीकडे पाहू लागले. तिने बाहेर पाहिलं. ग्राउंडच्या कडेला पाणी ओसरत चाललं होतं.

"मी मारीन की गं," सायली म्हणाली. "घेऊ दे ना."

रजनी फळ्याकडे पाहत म्हणाली, "खेळ तर झाला सर. नाव लिहा."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. सरांनी यादीत सायलीचं नाव लिहिलं, तेव्हा ती पार मागे जाऊन नम्रताशेजारी भिंतीला टेकून बसली होती.