उलटा कण

बायको जाऊन महिना झाला होता. बिरदेवतात्या निरवांगीच्या मळ्यात केळीचे घड उतरवत होते. बारामतीला बी.एस्सी. करणारी लेक दिपाली सांगत होती, "तात्या, केळ्यातनंबी कधीमधी एक उलटा कण निघतो. प्रतिद्रव्य म्हणत्यात. साध्या कणाला भेटला की दोगंबी संपत्यात. निस्ता उजेड ऱ्हातो."

तात्यांनी हातातला घड खाली ठेवला. "मंग केळं खायाचं का न्हाय?"

"खावा की! आपल्या अंगातबी हुतंच ते."

तात्यांनी तिच्याकडं बघून विचारलं, "तुज्या आईच्याबी?"

"व्हय."

"ती गेली तवा मी उशालाच हुतो. उजेड काय दिसला न्हाय."

दिपालीनं समजवायला तोंड उघडलं, आणि एवढंच म्हणाली, "त्यो डोळ्याला दिसत न्हाय, तात्या."

"मंग झाला असंल," तात्या म्हणाले.