बाकाचं माप

फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात संघांनी बाजू बदलल्या, तशी रिवाजाप्रमाणे माणसंही पलीकडच्या गोलमागे निघाली. लाकडी स्टँडमध्ये पाहुण्या संघाचा मफलर गुंडाळलेला एकटाच माणूस रेंगाळला. चहाच्या खिडकीतून हिल्डा त्याला मघापासून निरखत होती. त्यानं खिशातला टेप काढून बाक मोजायला घेताच तिचं डोकं फिरलं. शंभर वर्षांच्या या मैदानावर बिल्डरचा डोळा होताच. ती तरातरा गेली. "कुणी पाठवलं रे तुला? तुमचं मैदान गेलं, आता आमचं?" "नाही, आजी." तो ओशाळला. "आमचं स्टँड पाडलं तेव्हा बाबांच्या बाकाची फळी तेवढी वाचवली. बाबा गेले. फळी इथे बसेल का, बघतोय." "इथेच कशाला?" हिल्डाचा संशय फिटेना. "दरवर्षी यायचे ना ते. तुम्हाला शिव्या घालायला." हिल्डानं टेपचं दुसरं टोक धरलं. "मग पुढच्या रांगेत मोज. मला हल्ली कमी ऐकू येतं."