अजून गळतंय

सुंदराने मोटारीचं दार आतून ओढून घेतलं आणि पोपटने टपावर पहिली कळशी ओतली.

गाद्या काढून श्रावणातल्या उन्हात टाकल्या होत्या. त्यामुळे ती मागच्या उघड्या फळीवरच बसली होती, पाय पोटाशी घेऊन. दारांच्या कडेने, काचांच्या खाली, जिथे म्हणून सांधा होता तिथे पोपटने चुलीतली राख भुरभुरली होती. पाणी शिरलं की राखेवर काळा डाग उठतो. बाहेरून ओतणाऱ्याला तो दिसत नाही, म्हणून आत माणूस लागतं. बंगल्याचा माळी हिवतापाने पडला होता आणि सुंदरा नेमकी कडावहून नवऱ्याची, म्हणजे पोपटची, भाकरी घेऊन कर्जतला आली होती. एरवी वकीलसाहेबांच्या मोटारीत पाय ठेवायची तिची छाती झाली नसती.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि “अवो” म्हटलेलं बंद काचेबाहेर जायचं नाही. म्हणून थेंब दिसला की काचेवर बांगडी वाजवायची, असं दोघांत ठरलं होतं.

पाणी काचेवरून ओघळलं. पलीकडे पोपटचा चेहरा हलला, पसरला, पुन्हा जागेवर आला. सुंदराला हसू फुटलं. त्याच्याकडे इतकं उघड बघायला तिला कधी मिळालंच नव्हतं. कडावच्या घरात सासू, दीर, जाऊ, नाहीतर म्हैस, कुणी ना कुणी मध्ये असायचंच.

पुढच्या काचेच्या वर थेंब जमला आणि राखेत पडला. बांगडी वाजली.

पोपटने फट पुसून कोरडी केली आणि काडीने तिच्यात राळ भरली. लढाईमुळे काचेचं नवं रबर कुठे मिळत नव्हतं. पनवेलच्या खाडीत होड्यांच्या फटी राळ आणि तेल उकळून बुजवतात, तसंच त्याने डबाभर उकळून ठेवलं होतं.

दुसऱ्या कळशीला दाराच्या बिजागरीजवळ डाग उठला. तिसरीला मागच्या काचेच्या कोपऱ्यात. तांदळातले खडे वेचणारी नजर ती. तिच्यातून काय सुटणार! प्रत्येक वेळी बांगडी अशी वाजायची की जणू तिने चोरच पकडला.

“लय तेज हायेस गं,” पोपट दार उघडून हसत म्हणाला. “आता ह्या बारीला थेंब आला नाय का झालं. पहाटं निघता येल.”

सुंदराचं हसू तिथेच विरलं.

तिला ठाऊक नव्हतं असं नाही. लढाईच्या भीतीने मुंबई सोडून आलेलं वकीलसाहेबांचं बिऱ्हाड आता परत चाललं होतं. सामान बांधून तयार होतं. अडलं होतं ते वकिलीणबाईंच्या हट्टापायी. खोपोलीहून येताना त्यांचं रेशमी लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं, तेव्हापासून गळक्या मोटारीत बसणार नाही म्हणून त्यांनी ठणकावलं होतं. मोटार पोपटच चालवायचा, म्हणून तिच्याबरोबर तोही जाणार होता. तिथे त्याला निजायला मोटारीशेजारची जागा मिळणार होती, बायकोला मात्र नाही. हे सगळं माहीत असूनही फटी शोधायच्या भरात ती विसरली होती. आपल्याच हाताने आपण त्याला मुंबईला धाडतोय, हे तिला आत्ता कळलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

पोपटने कळशी ओतली. सुंदरा सगळ्या सांध्यांवरून नजर फिरवत राहिली. एक थेंब, देवा, एकच! राख जशीच्या तशी पांढरी होती.

तिने बांगडी वाजवली.

पोपट आला. त्याने दार उघडून आत पाहिलं.

“कुठं?”

“हितं.” तिने कोपऱ्यावर बोट ठेवलं.

त्याने राखेला हात लावला. चिमटीत धरून चोळली. मग तो सुंदराकडे बघत राहिला. तिने मान खाली घातली नाही. नाव पोपट असलं तरी हा गडी बोलण्यात कच्चा; जायचं त्याच्याही जिवावर आलं होतं, पण ते त्याला कधी सांगता आलं नव्हतं. त्याने काडी राळेत बुडवली आणि त्या कोरड्या कोपऱ्यात नीट, निगुतीने राळ भरली.

पुन्हा कळशी. पुन्हा बांगडी.

“हितं पन,” ती म्हणाली. त्याने तिथेही भरली.

असं करता करता उन्हं कलली. एकदा वकिलीणबाई ओसरीवर आल्या.

“झाली का रे पोपट, कोरडी?”

पोपट मोटारीच्या दारातच उभा होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

“नाय बाईसाहेब. अजून गळतंय.”

आत सुंदराने ओठ घट्ट मिटून घेतले. तिच्यासाठी तो खोटं बोलला होता. तिला वाटलं, आता मुंबई लांब गेली.

“मग गळू दे,” बाई म्हणाल्या. “मी पाय वर घेऊन बसेन. तिकडे मुलांची शाळा कधीच सुरू झाली. उद्या पहाटे निघायचं म्हणजे निघायचं.” आणि त्या आत गेल्या.

पोपट तसाच उभा राहिला. सुंदरा तशीच बसून राहिली. टपावरचं उरलेलं पाणी दाराच्या कडेवरून त्याच्या खांद्यावर ठिबकत होतं.

मग त्याने डबा तिरका करून आत पाहिलं.

“सुंदरे,” तो हळूच म्हणाला, “राळ संपली गं.”

सुंदराने दाराला हात घातला. ते ओढून घेता घेता म्हणाली, “मंग नुसतं पानी वता.”