धोंडिबा आत आहे

भोंगा थांबेना. अंबरनाथच्या त्या केमिकल फॅक्टरीत अमोनियाची लाइन फुटली होती आणि माणसं ओले रुमाल नाकाला लावून गेटकडे पळत होती. कॉम्प्युटर विभागात नीलिमा एकटीच उरली होती. सर्व्हर नीट बंद केल्याशिवाय तिला निघता येत नव्हतं. वीज अचानक तोडली तर सगळा डेटा खराब व्हायचा. पण सर्व्हर बंद होईना. कुणीतरी अजून जोडलेलं होतं.

तिनं क्वेरी टाकली : सध्या कोण कोण आत आहे? पडद्यावर एकच ओळ उमटली. युजर, धोंडिबा. टर्मिनल, मागचं गोदाम.

नीलिमानं ती ओळ पुन्हा वाचली.

धोंडिबा गोदामाचा कारकून. त्याचं खातं तिनंच उघडून दिलं होतं. गेल्या वर्षी त्याच गोदामात ड्रम फुटला आणि तो गेला. उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या त्याच्या घरी ती जाऊन आली होती. पांढऱ्या साड्यांतल्या बायकांमध्ये त्याची बायको कोणती, हेही तिला कळलं नव्हतं. खातं बंद करायचं मात्र राहूनच गेलं. रोज सकाळी सर्व्हर तपासताना ती किती जण जोडलेत एवढा आकडा बघायची. नावं कधी वाचलीच नव्हती.

दार ढकलून प्लँट मॅनेजर विष्णुपंत आत आले. गेटवर हजेरी घेऊन ते तिलाच शोधत परत आले होते.

"मॅडम, चला आधी! सगळे बाहेर पडले, तुम्हीच राहिलात."

"सर, गोदामात कुणीतरी आहे."

त्यांनी पडद्यावरचं नाव वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. धोंडिबाला बाहेर काढताना तेही होते. मग ते म्हणाले, "जुनं सेशन अडकलं असेल, जोडणी तुटायची राहिली असेल. मारून टाका आणि निघा."

मारायची कमांड तिला पाठ होती. तिनं ती टाइप केली, एंटरवर बोट ठेवलं आणि थांबली. अडकलेलं सेशन नुसतं पडून असतं. तिनं कमांड पुसली आणि पुन्हा विचारलं : हे सेशन काय करतंय? उत्तर आलं, नवी नोंद. थोडं थांबून पुन्हा विचारलं. आणखी एक नोंद. बाहेर भोंगा ओरडत होता आणि गोदामात बसून धोंडिबा शांतपणे ड्रमांच्या नोंदी लिहीत होता.

"मेलेला माणूस टाइप करत नाही, सर," नीलिमा म्हणाली आणि ओढणी नळाखाली भिजवून धावत सुटली. विष्णुपंत ओरडले, मग तेही मागोमाग धावले.

गोदामाचं पत्र्याचं दार लोटलेलं होतं. आतला पंखा एवढा घरघरत होता की भोंग्याचा मागमूस नव्हता. वारा फिरला होता, दाराच्या फटीतून वास आत शिरत होता. टर्मिनलसमोर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. नीलिमा दारातच थांबली. मग त्या आकृतीला जोराचा खोकला आला आणि तिनं पदर तोंडाला लावला.

दोघांनी दोन दंड धरून त्या बाईला ओढत मागच्या फाटकातून रस्त्यावर आणलं. ती कडेला बसून कितीतरी वेळ खोकत राहिली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"वास तर रोजचाच, म्हणून उठले नाय," ती म्हणाली.

"बाई, तुमचं नाव काय? हजेरीत तुम्ही कशा नाही?" विष्णुपंतांनी विचारलं.

"जनाबाई. ठेकेदारानं रोजावर बसवलंय, साहेब. हजेरीत रोजावरच्यांचं नाव कोण लावतंय?"

नीलिमा तिच्यासमोर उकिडवी बसली. "पण कॉम्प्युटरवर तुम्ही धोंडिबांच्या नावानं कशा जाता? त्यांचा पासवर्ड तुम्हाला कुणी दिला?"

जनाबाईनं डोळे पुसले.

"कुणी नाय दिला, मॅडम. आमचे मालक गेल्यावर इथं कामाला लागले, त्या पहिल्याच दिवशी त्यांच्या खुर्चीवर बसले नि माझंच नाव टाकून बघितलं. उघडलं."