पांढऱ्या ओट्याची चौकशी

कारागिराने संगमरवरी ओट्यावर जवळजवळ गाल टेकवला, एक डोळा मिटला आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात दगड तिरका न्याहाळला. सर त्याच्यामागे हाताची घडी घालून उभे होते. नऊ दिवसांपासून त्यांना या निकालाची घाई झाली होती.

"लिंबूच ना?" त्यांनी विचारलं.

"थांबा जरा," कारागीर म्हणाला.

सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली, पण छडी काही सुटली नाही. तीन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात हा पांढराशुभ्र ओटा आला आणि सरांना नवी शाळा मिळाली. दगड निवडायला नवरा-बायको दोघं गेले होते. ती म्हणाली, रोजचा स्वयंपाक आहे, काळा ग्रॅनाइट घेऊ. याच कारागिरानेही तेच सांगितलं. पण ग्रॅनाइट शेजाऱ्यांकडेही होता, आणि पांढरा संगमरवर पाहुण्यांना थेट सोफ्यावरून दिसणार होता. मग काय, ठरलं.

फ्रिजवर अकरा नियम चिकटले. गरम भांडं ठेवू नये. चहाचा कप ठेवू नये. टोमॅटो आणि लिंबू यांना तर ओट्यावर सक्त मनाई. सरांच्या बायकोने तीन वर्षं लिंबू बाल्कनीत चिरलं, स्टुलावर बसून, मांडीवर ताट घेऊन. पाहुणे ओट्याचं कौतुक करत आणि ती कोरडं हसत असे. एवढा बंदोबस्त करूनही दगड दिवसेंदिवस निस्तेज पडत चालला. सर म्हणाले, माझ्या माघारी तू इथेच लिंबू चिरतेस. ती म्हणाली, नाही. सर म्हणाले, चूक कबूल केलीस तर विषय संपला. तिने बॅग भरली.

"चकाकी कुणी घालवली ते आधी शोधा, मग मला बोलवा," एवढं म्हणून ती बहिणीकडे निघून गेली.

तेव्हापासून सर सिंकपाशी उभे राहून चहा पीत होते, कारण कप कुठे ठेवायचा हे नियमांत लिहायचं राहून गेलं होतं. घर खायला उठलं होतं. तिच्याशिवाय आपल्याला करमत नाही, हे त्यांना चौथ्याच दिवशी कळलं होतं. पण पुराव्याशिवाय माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. म्हणून कारागिराला बोलावणं गेलं. तो लिंबाचं नाव घेईल, ती निरुत्तर होईल आणि गुपचूप घरी येईल, असा सरांचा बेत होता.

कारागिराने मिक्सर उचलून बाजूला केला. मिक्सरच्या मागे, भिंतीला लागून, वीतभर दगड नव्यासारखा लखलखत होता.

"इथे कुणाचा हात पोचलेला दिसत नाही," तो म्हणाला. "लिंबाचा डाग थेंबाएवढा असतो, सर. बाकी ओट्यावर ही अशी अर्धवर्तुळं आहेत, फडकं फिरवल्यासारखी. रोज पुसतं कोण?"

"मी स्वतः," सर छाती फुगवून म्हणाले. "तीन वर्षांत एक दिवस खाडा नाही. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही मी."

"कशाने पुसता?"

सरांनी कपाटातून फवाऱ्याची बाटली काढली. तिच्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात चिठ्ठी होती. "व्हिनेगर आणि पाणी, निम्मं-निम्मं. पूर्ण नैसर्गिक. मी वाचून माहिती काढलीय."

कारागिराने बाटलीचा वास घेतला आणि ती ओट्यावर न ठेवता सरांच्या हातात परत दिली.

"संगमरवराला आंबट सोसत नाही. मग ते लिंबातलं असो नाहीतर बाटलीतलं. बाईंनी इथे लिंबू चिरलं असतं, तर चार डाग पडले असते. तुम्ही तर अख्ख्या ओट्याला रोज आंघोळ घातलीत. ओल्या फडक्याने पुसला असता तरी पुरलं असतं." मग सरांचा चेहरा पाहून तो जरा नरमला. "घासून पॉलिश केलं की येईल चकाकी. घाबरू नका."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारागीर पिशवीतून मशीन काढायला लागला आणि सर बाटली धरून तसेच उभे राहिले. त्यांना लाज वाटली, आणि ती खरी होती. बाल्कनीत वाऱ्याला पाठ करून बसलेली बायको त्यांच्या डोळ्यांपुढे आली. आता फोन करायचा आणि सरळ सांगायचं, माझं चुकलं. दोनच तर शब्द. त्यांनी ते हलक्या आवाजात दोन-तीनदा म्हणूनही पाहिले.

फोन लागला.

"बोला," बायको म्हणाली.

सरांनी तोंड उघडलं. पण आयुष्यभर दुसऱ्यांची कानउघाडणी करत आलेली जीभ ऐन वेळी जुन्याच वळणावर गेली.

"अगं, कारागीर आलाय. ओटा पुन्हा चकचकीत होईल म्हणतो. तेव्हा झालं गेलं विसरून जाऊ. माझ्या मनात आता काही नाही. मी तुला माफ केलंय. ये घरी."



"लग्नाला एकतीस वर्षं झाली," बायको शांतपणे म्हणाली. "आजवर तुम्ही मला दोनदा माफ केलंत, आणि दोन्ही वेळा चूक तुमचीच निघाली. फोन जरा कारागिराकडे द्या."