फरशीपुरतं पाणी

कन्नडच्या डोंगरात ओढ्याकाठी तंबू लागला आणि पाणी गाळता गाळता सुलेखाचा छोटा फिल्टर गाळानं चोंदला. घाबरण्यासारखं काही नव्हतं. फिल्टरसोबत आलेल्या पिचकारीत गाळलेलं पाणी भरून ते उलट्या बाजूनं जोरात सोडलं, की आतली घाण बाहेर पडते. तिनं पिचकारी दाबली, तर निघालेल्या गढूळ पाण्याखाली वच्छलाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, चटकन पातेलं धरलं.

"आई, हे कशाला?"

"फरशी पुसायला व्हतंय की."

संभाजीनगरात त्यांच्या गल्लीला आठवड्यातून एकदा नळ येतो आणि तो जायच्या आत घरातलं भांडं न् भांडं भरून घ्यावं लागतं. सुलेखानं नुसतं तंबूकडं पाहिलं, मग खळाळत्या ओढ्याकडं. वच्छलाबाईंनीही पाहिलं आणि हसत हसत पातेलं गवतात ओतून दिलं.

"आण ती पिचकारी इकडं. मी धुते."

मग बाई बसल्याच. पाणी गाळायचं, पिचकारीत भरायचं, उलटं मारायचं. फिल्टरमधून काचेसारखं पाणी यायला लागलं, तरी हात थांबेना. मध्येच एक पिचकारी सुनेच्या अंगावरही गेली.

"आई, बास आता. कधीचाच साफ झालाय तो."

"ते दिसतंय गं मला," वच्छलाबाई म्हणाल्या. "नळ जायची वाट पाहू राहिले. इथला जातच नाय."